खिंडीला खांब नसतात

प्रासूर, १४ ऑक्टोबर २०१६

प्रिय लिनार्ड,

तुझ्या सहीचा कागद काल पोचला. लिफाफा उलटा करून झटकून पाहिला, म्हटलं एखादी चिठ्ठी तळाशी चिकटली असेल. नव्हती. सही मात्र झोकात केली आहेस, अगदी बाबांसारखी, शेवटचं अक्षर खाली ओढून. आईने चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "हात थरथरत नाहीये त्याचा. तब्येत बरी असणार." मग कागद मला परत दिला आणि बटाटे किसायला बसली.

तर घराखालचं कुरण आता तुझं नाही, माझंही नाही. गावाचं झालं. त्यावर आपल्या खोऱ्याचं चित्रसंग्रहालय होणार आहे आणि त्याचा नकाशा माझा आहे. आजवर मी लोकांचे गोठे काढले, गॅरेजं काढली, शहरातल्या पाहुण्यांची सुट्टीतली घरं काढली. हे पहिलंच असं, की मी मेल्यावर माणसं म्हणतील, हे मेंजाने केलं. स्पर्धेत नावं झाकून नकाशे मागवले होते. निकालाला माझं नाव निघालं तेव्हा हॉटेलवाला बालझेर म्हणाला, "जमीन तिची, नकाशा तिचा. गावाला काय, विजेचं बिल?" सगळी खानावळ हसली. मीही हसले. न हसून करते काय.

म्हातारा पेइडर सालूझ आठवतो ना? चित्रं काढायला बसला की आपण मागून बर्फाचे गोळे मारायचो. त्याची आणि खोऱ्यातल्या इतर सगळ्यांची चित्रं त्याच्या पुतणीने सांभाळली आहेत. सध्या ती शाळेच्या माळ्यावर ब्लँकेटांत गुंडाळून ठेवली आहेत. पुतणी म्हणते, चित्रं गावाला देते, पण त्यांना घर द्या. नाहीतर शहरातलं संग्रहालय हात पसरून उभंच आहे.

इमारत लांबट आणि बुटकी आहे. खाली नदीचा दगड, वर लार्चचं लाकूड, उन्हाने हळूहळू काळं पडेल असं. कुरणाला आहे तोच उतार आतल्या फरशीला दिलाय, म्हणजे पायऱ्या न उतरता माणूस एका दालनातून दुसऱ्यात जाईल. उजेड सगळा छपरातून, उत्तरेचा. पेइडरचा बर्फ पांढरा नसतो, तू म्हणायचास तसा ताकाच्या रंगाचा असतो. त्यावर थेट ऊन पडलं की चित्र मेलंच.

आणि मधोमध एक खिंड आहे. जमिनीपासून छपरापर्यंत इमारत चिरलेली, गवताची गाडी जाईल एवढी रुंद. तिच्यातूनच आत शिरायचं, डावीकडे जुनी चित्रं, उजवीकडे नवी. परीक्षकांनी विचारलं, खिंड तिरकी का? मी म्हटलं, वाऱ्यासाठी. त्यांनी अहवालात लिहिलं, "डोंगराशी साधलेला अर्थपूर्ण संवाद". डोंगराला अजून कळलेलं नाही.

खरं कारण तुला सांगते, कारण तू कोणाला सांगणार नाहीस. तू मलाही कधी काही सांगत नाहीस. बाबांनी गाई विकल्या आणि तू भांडून निघून गेलास, त्या दिवसापासून आई स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसते. तिथून कुरणापलीकडचं शेवटचं वळण दिसतं आणि वळणावरचा बसथांबा. पिवळी बस भोंगा वाजवते, आई मान वर करते. विचारलं तर म्हणते, हवा बघते. बाबा तुला म्हणाले होते ना, मी जिवंत आहे तोवर त्या वळणावरून वर येऊ नकोस. बाबा जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून तिचं हवा बघणं जरा जास्तच वाढलंय.

मी तिच्या खुर्चीपासून त्या वळणापर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली आणि त्या रेघेने इमारत कापली. बाकी सगळं त्यानंतर काढलं. आईला हे सांगितलेलं नाही. तिला सांगितलं की शेजारच्या आनिनाला कळणार, आनिनाला कळलं की बालझेरला, आणि मग आहेच: गावाच्या पैशाने आईची खिडकी. ग्रामसभेत मंजूर झालं की सांगेन. किंवा सांगणारही नाही. बांधून झालं की तिचं तिलाच दिसेल एक दिवस.

तिकडे दुसऱ्याच्या गाईंचं दूध काढताना हात गार पडत असतील. आईने लोकरी मोजे विणले आहेत, सोबत पाठवते.

तुझी
मेंजा


प्रासूर, ३ मार्च २०१७

प्रिय लिनार्ड,

तुझं कार्ड आलं. पुढे गाय, मागे चार शब्द: "उद्घाटन असेल तेव्हा बघू." एवढ्या वर्षांनी चार शब्द म्हणजे चैनच झाली.

आईला दाखवलं नाही. रागावू नकोस. "बघू" म्हणजे काय ते तिला चांगलं ठाऊक आहे, जन्मभर बाबांच्या तोंडून ऐकलंय तिने. पण तरीही ती त्या एका शब्दावर तुझी खोली झाडून घेईल, गादी उन्हात टाकेल, अक्रोडाचे केक भाजून डबे भरून ठेवेल. आणि तू आला नाहीस तर ते केक मला खावे लागतील. तारीख पक्की झाली की दाखवीन. कार्ड नकाशांच्या नळीत ठेवलंय.

परवा शाळेची मुलं गळ्यात घंटा बांधून थंडी हाकलत गावभर फिरली. थंडी गेली नाही, पण काल नोत सुताराने कुरणात खांब उभे केले. तिकडे तुमच्याकडे असलं काही नसेल. आपल्याकडे खुराडं बांधायचं म्हटलं तरी आधी कोपऱ्यांवर खांब रोवा, टोकाला छपराचा उतार दाखवणाऱ्या फळ्या ठोका, गावाला आकार बघू दे, ज्याला हरकत घ्यायचीय त्याला घेऊ दे. लहानपणी आपण त्या खांबांना भुताची घरं म्हणायचो.

तर आता माझं भुताचं घर उभं आहे. खिडकीतून पाहिलं. नियमाप्रमाणे फक्त बाहेरचे कोपरे दाखवायचे असतात. कोपरे दिसतात, उंची दिसते, आणि मधलं सगळं डोळा आपला आपण भरून टाकतो. माझी चिरलेली, हलकी इमारत कुरणात भल्यामोठ्या खोक्यासारखी दिसतेय. मी तशीच फाद्रीकडे गेले. तो आता गावचा अध्यक्ष आहे, अजून शाळेत होता तसाच शिंकतो.

"फाद्री, मला खिंडीच्या दोन्ही बाजूंनाही खांब लावायचेत."

"कशाला?"

"तिथे मोकळी जागा आहे ते कळायला."

"अगं, मोकळ्या जागेला खांब लावला तर ती मोकळी कशी राहील?" शिंकला. "नियम बांधकाम दाखवायचा आहे. नसलेलं दाखवायचा नाही. उद्या प्रत्येक जण आपली नसलेली भिंत दाखवायला येईल. आणि तू जास्तीचे खांब रोवलेस तर बालझेर हरकत घेणार, खांब नकाशाप्रमाणे नाहीत म्हणून. मग परत पहिल्यापासून सगळं. खिंडीला खांब नसतात, मेंजा."

बरोबरच होतं त्याचं. म्हणूनच जास्त राग आला.

आईने खांब पाहिले. चहा गाळता गाळता एकदाच बाहेर पाहिलं. "किती मोठं ग," म्हणाली. मी म्हटलं, "खांब तसेच दिसतात आई, बांधल्यावर छान दिसेल." ती म्हणाली, "छानच असेल. तू काढलंयस." मग तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला. ऊन डोळ्यांवर येतं म्हणाली. काल दिवसभर ढग होते.

मेंजा


प्रासूर, २१ एप्रिल

लिनार्ड,

लाकडाचं सुंदर छोटं प्रतिरूप करून मी पोस्टात ठेवलंय. छप्पर उचललं की दालनं दिसतात, बोटभर उंचीची माणसंही आहेत. खिंडीत तर मी एक छोटी गवताची गाडी ठेवली आहे. लोक तिकीट घ्यायला येतात, प्रतिरूपावर पिशवी टेकवतात आणि खिडकीतून खांबांकडे बघत म्हणतात, "बापरे!"

सगळं गाव त्या खांबांना बघून बोलतंय. कोणी म्हणतं धान्याचं कोठार, कोणी म्हणतं तुरुंग. आनिनाला वाटतं तिच्या सॅलडच्या वाफ्यावर सावली पडेल; तिचा वाफा घराच्या दुसऱ्या बाजूला आहे हे सांगितलं तर म्हणते, सूर्याचं काही सांगता येत नाही. कावळे मात्र खूश आहेत. फळ्यांवर ओळीने बसतात.

हे सगळं मी झेलेन. आईचं झेलता येत नाहीये. तिने खुर्ची खिडकीपासून हलवली आणि चुलीकडे तोंड करून ठेवली. भोंगा वाजला तरी आता मान वर करत नाही. जेवण निम्मं टाकते. परवा मी कामावरून येत होते तर ती बसथांब्यावर उभी, घरातल्या चपलांवर, बर्फ वितळून सगळा चिखल. म्हटलं, "कुठे निघालीस?" म्हणाली, "कुठे नाही. पाय मोकळे करत होते." बस आली, दार उघडलं, कोणी उतरलं नाही, दार लागलं. मग माझा हात धरून वर आली. रस्ताभर ती माझ्याशी कोंबड्यांविषयी बोलत होती.

मला कळतं रे. मी काही दगड नाही. त्या संध्याकाळी शब्द अगदी ओठावर आले होते, की आई, वळण झाकणार नाहीये, मी ते जपूनच ठेवलंय. पण दारात आनिना अंड्यांची टोपली घेऊन उभी होती. ग्रामसभा महिन्यावर आलीय, म्हटलं, आता एवढं थांबले तसं आणखी थोडं. मंजुरी मिळाली की त्याच दिवशी तिला हाताला धरून कुरणात नेईन आणि तुझं कार्डही दाखवीन. दोन्ही एकदम. मनात मी तो दिवस इतक्या वेळा उभा केलाय, की आता तो घडून गेल्यासारखाच वाटतो.

मेंजा


स्कुओल, २० मे

लिनार्ड,

मी घरी नाहीये. खाली स्कुओलला, ऑफिसातल्या सोफ्यावर झोपते. संग्रहालय गेलं. कसं गेलं ते दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक.

ग्रामसभा शाळेच्या व्यायामशाळेत होती, नेहमीसारखीच, दोर छताला गुंडाळलेले आणि सगळीकडे बुटांचा वास. हॉल भरला होता. मी पडद्यावर चित्रं लावत होते, तेवढ्यात दारातून आई आली. बाबांच्या अंत्यविधीचा काळा कोट घालून. ती ग्रामसभेला कधी आलीय शेवटची? बाबा असतानाही येत नव्हती. लोकांनी सरकून तिला दुसऱ्या रांगेत जागा दिली. मला वाटलं, माझ्यासाठी आली. मी तिच्याकडे बघूनच बोलायला सुरुवात केली.

मी चांगलं बोलले. पेइडरची चित्रं दाखवली, उजेड कसा उतरेल ते दाखवलं. नोत सुतार सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला लागला, त्याला दोन वर्षांचं काम मिळणार होतं. हॉल माझ्याकडे झुकत होता, ते कळतं. बालझेरसुद्धा बोलायला उठला तेव्हा आवाज जरा खालीच होता त्याचा. "चित्रं चांगली आहेत," म्हणाला. "पेइडरने माझ्या आजोबांकडे उधारीवर दारू पिऊन काढलेली. पण मला एक सांग मेंजा, मधे ही एवढी फट कशाला? छप्पर बांधायचं आणि त्याच्याखाली काही ठेवायचं नाही? वाऱ्याला राहायला जागा?"

हशा झाला. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, हात मांडीवर, मान थोडी पुढे काढून, उत्तराची वाट बघत. एक वाक्य होतं. माझ्या तोंडात होतं. पण सगळं गाव समोर होतं, बालझेर कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि मला वाटलं, आता जर म्हटलं की ही जागा माझ्या आईसाठी आहे, तर संपलंच. मी म्हटलं, "हो, वाऱ्यासाठी. खोऱ्यातला वारा मोठ्या भिंतीवर आपटला तर बर्फ साचतो." छान शास्त्रशुद्ध बोलले. नकाशावर बाणही काढले होते वाऱ्याचे.

आईची मान मागे गेली.

फाद्रीने विचारलं, बाजूने कोण. हात वर गेले, बरेच गेले. मोजणारे रांगांमधून फिरले. काही लोक हात अर्धा वर करून इकडेतिकडे बघत होते, आपल्याकडे लोक बघतात तसे, शेजारी काय करतो ते. मग फाद्री म्हणाला, विरुद्ध कोण. आणि पहिला हात दुसऱ्या रांगेतून वर गेला. काळ्या कोटाची बाही कोपरापर्यंत घसरली. आई हात अगदी सरळ वर धरून बसली होती, शाळेतल्या मुलीसारखी.

मागून बालझेर म्हणाला, "घ्या! घरचा आहेर!" लोक हसले, आणि मग हात वर यायला लागले. ज्यांनी मघाशी कुठेच हात वर केला नव्हता त्यांचे आले. आनिनाचा आला. सख्ख्या आईलाच नको असेल तर आपण कशाला, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मोजणी लांबलीच नाही, नुसतं बघून कळत होतं.

आई शेवटपर्यंत हात वर धरून होती. फाद्रीला सांगावं लागलं, "काकू, झालं, घ्या खाली."

मी तिच्याशी बोलले नाही. घरी जाऊन कपडे भरले. ती दारात उभी राहून म्हणाली, "मेंजा, सूप गरम आहे." मी उत्तर न देता निघाले. मला तिचं तोंड बघायचं नाही. तू नेहमी म्हणायचास की या घरात कोणीच कोणाशी सरळ बोलत नाही. तू बरा, लांब राहिलास.


प्रासूर, ११ जून

लिनार्ड,

शेवटी मी घरी गेले. नोतचा फोन आला होता, म्हणाला, "तुझी आई रोज खांबांपाशी येते आणि एकेका खांबाला हात लावून परत जाते. लोक बोलायला लागलेत. तू ये."

आई चुलीपाशी होती. मी टेबलाशी बसले आणि विचारलं, का. भांडायलाच बसले होते. ती भांड्यांच्या मळक्या पाण्यात हात घालून उभी राहिली, वळली नाही.

"ते बांधूच नका असं नव्हतं म्हणायचं मला," ती म्हणाली. "दुसरीकडे बांधा एवढंच. तो आला तर मला कसा दिसणार? बसमधून उतरून तो थांब्यावरच उभा राहील. बाबांनी सांगितलं होतं ना, वर यायचं नाही. तुझा भाऊ हट्टी आहे. कोणी हाक मारल्याशिवाय तो वर यायचा नाही. आणि मला दिसलाच नाही तर हाक कोण मारणार?"

तिने हात पाण्यातून काढून पुसले.

"मी त्या सभेत तेच ऐकायला आले होते," ती म्हणाली. "म्हटलं, फट आहे तर त्यातून दिसत असेल काही. तू म्हणालीस, वाऱ्यासाठी."

मी उठले आणि नोतकडे गेले. त्याच्याकडे छपरावर टाकायच्या निळ्या ताडपत्र्या होत्या, तेवढ्या सगळ्या आणल्या. खांबाखांबांमध्ये दोर बांधले, दोरांवर ताडपत्र्या टांगल्या, डावीकडचं दालन, उजवीकडचं दालन, आणि मधली खिंड मोकळी सोडली. नकाशा बघावाही लागला नाही. वारा असा सुटला होता की नोत दोन्ही हातांनी एक कोपरा धरून मला शिव्या घालत होता. मग मी कुरणातूनच ओरडले, "आई, खुर्ची आण! खिडकीशी! नेहमीच्या जागी!"

वर गेले तेव्हा ती बसलेली होती. निळ्या फडफडणाऱ्या भिंती, आणि बरोबर मधे वळण. थांबा, पाटी, बाक, सगळं. तेवढ्यात भोंगा वाजला आणि बस खिंडीत येऊन थांबली.

"आनिना उतरली," आई म्हणाली. "पिशवीत कांद्याची पात आहे."

एवढं स्पष्ट दिसत होतं. मी तिला सगळं सांगितलं. ती रेघ कशी ओढली, आणि गप्प का राहिले तेही. ती ऐकत होती, डोळे मात्र बाहेरच. बस गेली तरी बाहेरच.

"आधी सांगायला तुझी जीभ झडली होती का?" ती म्हणाली, पण रागाने नाही. आणि थोड्या वेळाने, "मेंजा, मी हात खाली घेऊ का आता?"

मला आधी कळलंच नाही. तिने कोट चढवला आणि तडक फाद्रीकडे निघाली, मी मागे. फाद्री जेवत होता. ती त्याच्या टेबलापुढे उभी राहून म्हणाली, "माझा हात तेवढा काढून टाक त्यातून. मला माहीत नव्हतं." फाद्री उभा राहिला, तोंडातला घास गिळला. "काकू," म्हणाला, "हात वर गेला की गेला. आणि तुमचा एकटीचा काढून काय होणार? बाकीचेही वर गेलेच ना." "ते माझ्यामुळे गेले," आई म्हणाली. फाद्रीने मान खाली घातली. तेवढा तो खरा माणूस आहे, खोटं सांगून समजूत नाही घातली.

त्यानंतर ती आनिनाकडे गेली, बेकरीत गेली, बालझेरच्या हॉटेलातसुद्धा गेली, जिथे ती उभ्या जन्मात गेली नव्हती. प्रत्येकाला सांगितलं की इमारत चांगली आहे, मधून दिसतं. लोकांनी तिला बसवलं, कॉफी दिली. बालझेरने स्वतः घरापर्यंत आणून सोडलं आणि दारात मला म्हणाला, "हे त्या दिवशी सांगितलं असतंस ना, तर मीच हात वर केला असता. आई आहे, तिला एक खिडकी द्यायला गाव काय मरणार होतं का?" मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. कारण तो खरं बोलत होता.

मेंजा


प्रासूर, २ जुलै

लिनार्ड,

पेइडरच्या पुतणीने चित्रं शहराला दिली. तिला दोष नाही, माळ्यावर गळायला लागलं होतं. गुरुवारी पांढरी गाडी आली. ब्लँकेटात गुंडाळलेली चित्रं एकेक करून आत गेली. आई खिडकीत बसून बघत होती. ताडपत्र्या तोवर मी काढल्या नव्हत्या. गाडी खिंडीत आली, वळणावर थोडी थांबली आणि खाली गेली. जाणारं माणूस तिथून फार छान दिसतं, एवढं तरी मी नीट केलंय.

शुक्रवारी नोतने खांब काढले. खड्डे बुजवून वर गवताच्या बिया टाकल्या. आता कुरण तू सोडून गेलास तसंच आहे, सगळा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो. आईला हवं होतं ते मिळालं. पण ती खुर्ची सरळ करत नाही. ताडपत्र्या असताना जशी तिरकी ठेवली होती तशीच आहे. सगळं मोकळं असूनही ती तेवढ्याच जागेतून बघते, जिथे खिंड असती. मी बांधलेली एवढी एकच इमारत, आणि ती फक्त आईला दिसते.

आता तिची कोणाशीच तक्रार नाही, म्हणून जास्त भीती वाटते. ती म्हणते, "मी माझ्या हाताने केलं." पाव कापताना म्हणते, केस विंचरताना म्हणते. काल उजवा हात टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसली होती.

तुझं कार्ड अजून नळीतच आहे. तिला आता ते दाखवता येणार नाही. उद्घाटन असेल तेव्हा बघू, असं तू लिहिलंस, आणि उद्घाटन तिनेच मोडलं हे तिला कळलं तर ती त्या खुर्चीतून उठायची नाही. तेव्हा हे तुझ्या-माझ्यातच राहील. तू ये किंवा येऊ नकोस, पण त्या कार्डाचं तिला कधी सांगू नकोस.

आणि आलास तर एक कर. थांब्यावर उतरलास की तिथेच उभा राहा. वर येऊ नकोस. ती बघत असते. तिला हाक मारू दे.

तुझी
मेंजा